व्हिन्क्रिस्टिनचे इंजेक्शन: सोबत बसणाऱ्याने नेमके काय पाहावे?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. माझ्या सात वर्षांच्या भाच्याला गेल्या महिन्यात रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. प्रकार ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा. उपचार मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात चालू आहेत. बहीण आणि मेहुणे दादरला धर्मशाळेत राहतात आणि मी सांगलीहून आठवड्याआड जाऊन त्यांना सोडवते, म्हणजे त्यांना दोन दिवस झोप तरी मिळते.

त्याला आठवड्यातून एकदा व्हिन्क्रिस्टिन नावाचे औषध शिरेतून देतात. तीन वेळा देऊन झाले आहे, चौथी मात्रा येत्या बुधवारी आहे. शिवाय काही ठरावीक दिवशी पाठीच्या मणक्यांमधून सुई घालून मेथोट्रेक्सेट नावाचे दुसरे औषध देतात, त्याला तिथे सगळे ‘आयटी’ म्हणतात. गेल्या खेपेस मी एकटी सोबत असताना सलाईनच्या छोट्या पिशवीवरचे लेबल वाचले. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते की हे औषध फक्त शिरेतून द्यावे, अन्य मार्गाने दिल्यास प्राणघातक. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते वाक्य जात नाही.

डॉक्टरांवर आमचा पूर्ण विश्वास आहे, तेव्हा उपचार बदलण्याविषयी मला काहीही विचारायचे नाही. प्रश्न एवढाच आहे की हा धोका खरोखर आहे की सिगारेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्यासारखी ती नुसती औपचारिकता आहे? आणि माझ्यासारख्या बिनवैद्यकीय माणसाने खाटेशेजारी बसून काय पाहावे, काय विचारावे? विचारलेले त्यांना आवडते का?

टेम्सकाठ

मूळचा नागपूरचा, गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये रक्तविकारांचा डॉक्टर म्हणून काम करतो. ते लेबल औपचारिक नाही. आमच्या क्षेत्रातल्या सर्वांत महाग पडलेल्या चुकांमधून ते जन्माला आले आहे.

मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यांच्याभोवती एक पाणी असते. रक्तातून दिलेली बहुतेक औषधे त्या पाण्यात पुरेशी पोचत नाहीत आणि कर्करोगाच्या पेशी तिथे दडून बसू शकतात, म्हणून मेथोट्रेक्सेट थेट त्या पाण्यात सोडावे लागते. व्हिन्क्रिस्टिन मात्र शिरेतून दिले तर रक्षक आणि त्या पाण्यात गेले तर भक्षक. हे औषध पेशीतल्या सूक्ष्म नलिका बांधू देत नाही. त्यामुळे पेशीचे विभाजन मध्येच अडते आणि कर्करोगाची पेशी मरते. पण त्याच सूक्ष्म नलिका मज्जातंतूंच्या लांबलचक धाग्यांमध्ये रुळांसारख्या पसरलेल्या असतात. औषध थेट मणक्याच्या पाण्यात गेले की पायांकडून वर चढत जाणारा पक्षाघात होतो आणि रुग्ण जवळपास नेहमीच दगावतो. असा पहिला अपघात वैद्यकीय नियतकालिकात १९६८ साली नोंदला गेला, आणि त्यानंतरही निरनिराळ्या देशांत तो घडतच राहिला.

इथे २००१ सालच्या जानेवारीत नॉटिंगहॅममध्ये एका अठरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हेच घडले. त्याचा ल्युकेमिया आटोक्यात आलेला होता आणि तो जवळजवळ शेवटच्या टप्प्यातले उपचार घ्यायला आला होता. दोन औषधांच्या दोन सिरिंज एकाच वेळी वॉर्डात आल्या. एका तरुण डॉक्टरने दुसऱ्याच्या हाती सिरिंज देताना औषधाचे नाव वाचले, दुसऱ्याने ‘व्हिन्क्रिस्टिन?’ असे विचारलेदेखील, पहिल्याने होकार दिला, आणि इंजेक्शन पाठीत गेले. महिनाभराने तो मुलगा गेला. चौकशी अहवालात कोणा एका माणसाच्या निष्काळजीपणापेक्षा एकावर एक रचल्या गेलेल्या लहान लहान ढिलाया दिसतात. अहवाल वाचताना मला सर्वांत जास्त बोचले ते हे, की प्रश्न विचारला गेला होता, परंतु त्याचे उत्तर पुरेसे ऐकले गेले नाही.

तुमच्या भाच्याचे औषध सलाईनच्या पिशवीत येते हे वाचून मला बरे वाटले. ते का, हे इथले फार्मासिस्ट मंडळी माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

प्रांजळ

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कोणाला कठोर वाटले तर क्षमस्व. डॉक्टर दहा-बारा वर्षे शिकतात आणि आपण दहा मिनिटे मोबाइल चाळून त्यांना प्रश्न विचारायला जातो. मोठ्या सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात एका परिचारिकेकडे किती खाटा असतात हे एकदा मोजून पाहावे. प्रत्येक नातेवाईक ‘बाई, लेबल दाखवा’ म्हणू लागला तर त्या गडबडीनेच चूक होईल. शिवाय परदेशातील २००१ सालची घटना सांगून घाबरलेल्या मावशीला आणखी घाबरवण्यात काय अर्थ आहे?

शिफ्टवाली

प्रांजळ, तुमची काळजी रास्त आहे, पण मी स्वतः डे-केअरमध्ये, म्हणजे रुग्णालयातल्या दिवसापुरत्या उपचारांच्या कक्षात, अनेक वर्षे केमोथेरपी देते आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडते.

मागे आमच्याकडे शेजारशेजारच्या खाटांवर दोन आरव होते. वय जवळपास सारखे, दोघांच्याही डोक्यावर केस नाहीत, दोघांच्याही तोंडाला मास्क. आजकाल चार मुलांत एक आरव असतोच. दुपारची वेळ होती, मी ट्रे घेऊन आले आणि विचारले, ‘आरव ना?’ मुलगा म्हणाला ‘हो’. तो खोटे बोलला नाही. त्याची आजी कोपऱ्यात वाटाणे सोलत बसली होती. ती म्हणाली, ‘सिस्टर, आमच्याला आज कॅल्शियम सांगितलंय, हे पिवळं-बिवळं काय आणलं?’ मी मनगटावरचा पट्टा पाहिला. नोंदणी क्रमांक दुसऱ्या आरवचा होता.

त्या दिवसापासून मी कोणालाही ‘अमुक ना?’ असे विचारत नाही. ‘बाळा, तुझे पूर्ण नाव सांग’ असे विचारते आणि फाइल, पट्टा आणि पिशवी या तीन ठिकाणचा क्रमांक जुळवते. आमच्याकडे केमोथेरपीचे प्रत्येक औषध दोन परिचारिका मोठ्याने वाचून तपासतात. नातेवाईक ऐकत असेल तर ती तिसरी तपासणी होते. धागाकर्तीने शांतपणे ‘सिस्टर, आज कोणते औषध आहे आणि ते कुठून देणार?’ असे विचारले तर मला राग येणार नाही. औषध लावून झाल्यावर मी कॅन्युला (शिरेत बसवलेली छोटी नळी) धरून उभी असताना मागून पाठीवर टकटक करून तेच विचारले, तर मात्र येईल.

आणखी एक गोष्ट आमच्या मराठीतूनच उद्भवते. पुष्कळ घरांत आयटीला ‘कमरेतले इंजेक्शन’ म्हणतात, आणि गावाकडे कमरेतले इंजेक्शन म्हणजे कुल्ल्यावर घेतलेली साधी सुई. एका वडिलांनी मला फोनवर सांगितले की कालच कमरेत इंजेक्शन झाले, आणि मला वाटले मेथोट्रेक्सेट झाले. प्रत्यक्षात ते त्यांच्या गावच्या डॉक्टरने तापासाठी दिलेले होते. (प्लेटलेट कमी असताना तेही द्यायचे नसते, तो वेगळाच विषय.) म्हणून ‘पाठीच्या पाण्यातले’ आणि ‘शिरेतले’ असेच शब्द वापरावेत.

गुळपोळी

वाटाणे सोलणाऱ्या आजींना रुग्णालयाने मानद फार्मासिस्ट नेमायला हवे होते.

खलबत्ता

मी रुग्णालयातील औषध विभागात केमोथेरपी तयार करतो. टेम्सकाठ यांनी चेंडू माझ्याकडे टोलवला आहे, तेव्हा पिशवीविषयी लिहितो.

व्हिन्क्रिस्टिनची कुपी साधारण १ मिलिग्रॅमची, १ मिलिलिटरची असते. पूर्वी ते सर्रास सिरिंजमध्ये भरून वॉर्डात पाठवत आणि ते अजूनही काही ठिकाणी चालते. पाठीच्या पाण्यात द्यायचे मेथोट्रेक्सेटदेखील सिरिंजमध्येच जाते. दोन सारख्या सिरिंज, दोन सारखी टोके, एकच ट्रे: चुकीला आणखी काय हवे? जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जगभर इशारा दिला की व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये न देता छोट्या सलाईनच्या पिशवीत पातळ करून द्यावे. युक्ती साधी आहे. २५ किंवा ५० मिलिलिटरची पिशवी आणि तिची लोंबती नळी पाहून कोणाच्याही मनात ती पाठीच्या सुईला जोडण्याचा विचार येत नाही. माणसाने लक्षात ठेवण्यावर अवलंबून न राहता वस्तूचा आकारच चुकीच्या आड उभा करावा, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते.

आमच्या विभागात आणखी काही पथ्ये आहेत. ज्या दिवशी मुलाची आयटी असते, त्या दिवशी आयटी पूर्ण झाल्याचा निरोप येईपर्यंत व्हिन्क्रिस्टिनची पिशवी आम्ही बाहेर सोडत नाही. आयटी जिथे करतात त्या खोलीत ती पिशवी कधीच जात नाही. औषध तयार होईपर्यंत कुपी २ ते ८ अंश सेल्सियसला, उजेडापासून दूर ठेवतो. तुम्हाला बाहेरून औषध आणायला सांगितले तर ते बर्फाच्या पिशवीसह आणावे, पण कुपी थेट बर्फात खुपसू नये, कारण ते गोठताही कामा नये.

नावांचा घोळ हा आमचा रोजचा शत्रू. व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही सख्खी भावंडे आहेत, पण त्यांची मात्रा अगदी वेगळी. व्हिन्क्रिस्टिन शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे साधारण १.४ ते १.५ मिलिग्रॅम देतात, तर व्हिनब्लास्टिनची मात्रा त्याच्या काही पट असते. एकाच्या जागी दुसरे गेले तर काय होईल याचा हिशेब वाचकांनीच करावा. म्हणून पाकिटावरचे कंपनीचे नाव वाचून थांबू नये, खाली बारीक अक्षरांत लिहिलेले मूळ औषधाचे नाव वाचावे.

नव्वदकिलो

मी मुलगा नाही, पंचावन्न वर्षांचा लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा, रुग्ण आहे. सहा आवर्तने पूर्ण करून आता ठीक आहे. खलबत्ता यांना जुनी तक्रार विचारून घेतो. माझे वजन माझ्या नावातच आहे. बाकी सगळी औषधे माझ्या आकारमानानुसार भरघोस मिळाली आणि व्हिन्क्रिस्टिन मात्र मोजून २ मिलिग्रॅम. माझ्या शेजारच्या काडीपैलवानालाही जवळजवळ तेवढेच. तेव्हा मला वाटले होते की यांनी औषधात कपात केली.

खलबत्ता

कपात नव्हे, ती कमाल मर्यादा आहे. बहुतेक उपचारपद्धतींत व्हिन्क्रिस्टिनची एका वेळची मात्रा २ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, कारण त्यापुढे मज्जातंतूंना होणारी इजा वाढते. तुमच्यावर झालेला अन्याय तुमच्या बोटांच्या हिताचा होता. उलट कावीळ असेल, रक्तातले बिलिरुबिन वाढलेले असेल, तर मात्रा आणखी कमी करतात, कारण हे औषध मुख्यतः यकृतावाटे, पित्तातून बाहेर पडते. डोळे पिवळे दिसले तर पुढच्या मात्रेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे.

नव्वदकिलो

समजले. बोटे तरीही बधिरली होतीच. तिसऱ्या आवर्तनानंतर शर्टाची गुंडी लावताना ती बोटांत आहे की नाही हेच कळेना. बायको हसत होती, मीही हसलो, आणि डॉक्टरांना सांगितलेच नाही, कारण एवढ्याशा गोष्टीसाठी औषध थांबवतील अशी भीती होती. पाचव्या आवर्तनाला जिना उतरताना पाऊल फरशीवर आपटायला लागले, चप्पल पायातून निसटू लागली. तेव्हा सांगितले आणि डॉक्टर चांगलेच रागावले. पाऊल लटके पडणे ही पुढची पायरी होती, गुंडीच्या वेळीच सांगायला हवे होते. भाचा लहान आहे, तो ‘बधिर’ हा शब्द वापरणार नाही. तो पळताना वारंवार अडखळतो का, टाचेवर चालता येते का, पेन्सिल धरायला कंटाळतो का, हे मावशीने पाहावे.

टेम्सकाठ

नव्वदकिलो यांच्या प्रतिसादाला जोडून एक सांगतो. घरात कोणाला, विशेषतः आई-वडिलांच्या बाजूला, तरुणपणापासून पाय बारीक होणे, तळपायाची कमान फार उंच असणे, चालताना पाऊल लटकणे असा आनुवंशिक मज्जातंतूंचा आजार असेल, तर तो पहिल्याच भेटीत सांगावा. अशा काही आजारांत व्हिन्क्रिस्टिनने फार लवकर आणि फार तीव्र इजा होते. डॉक्टर विचारतात, पण निदानाच्या धक्क्यात असलेल्या घराला त्या क्षणी चुलत आजोबांचे पाय आठवत नाहीत.

हिरवाई

एवढी विषारी रसायने लहान मुलांच्या अंगात घालण्यापेक्षा अंगणातल्या सदाफुलीची पाने का वापरत नाहीत? हे औषध सदाफुलीपासूनच बनते असे मी वाचले आहे. आमच्या गल्लीतील काका रोज सकाळी पाच पाने चावून खातात, त्यांची साखरही ताब्यात आहे. नैसर्गिक उपाय असताना कारखान्यातले विष कशाला?

रानजाई

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून हे सोडवत नाही. व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासूनच येते हे अगदी खरे. ही वनस्पती मूळची मादागास्करची, आपल्याकडे ती कुंपणाला, नाल्याच्या कडेला, फुटलेल्या कुंडीतही फुलते. पण तिच्या औषधाची गोष्ट हिरवाई यांच्या काकांच्या अगदी उलट दिशेने गेली आहे. १९५० च्या दशकात जमैकातून सदाफुलीची पाने कॅनडातील संशोधकांकडे पोचली, कारण तिथे लोक मधुमेहावर तिचा काढा घेत. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तो अर्क उंदरांना दिला. साखर काही कमी झाली नाही, मात्र उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. मधुमेहाचे औषध शोधायला निघालेल्यांना कर्करोगाचे सापडले. त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन आले आणि व्हिन्क्रिस्टिनला अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळाली.

पानात व्हिन्क्रिस्टिन इतके अत्यल्प असते की ढीगभर पाला शुद्ध केल्यावर चिमूटभर हाती लागते. शिवाय त्याच पानात इतरही अनेक अल्कलॉइडे असतात, आणि कोणत्या पानात कोणते किती, हे ऋतूनुसार व झाडानुसार बदलते. म्हणजे पाने चावल्याने कर्करोगाला पुरेल इतके औषध मिळणार नाही, आणि पांढऱ्या पेशी आधीच कमी असलेल्या मुलाला नको ते मिळेल. ‘कारखान्यातले विष’ म्हणता, ते तुमच्याच कुंडीतले आहे, फक्त मोजून दिलेले.

हिरवाई

साखरेबद्दलची माहिती मला नव्हती. काकांना सांगते. ऐकतील असे वाटत नाही.

शिफ्टवाली

काका ऐकोत न ऐकोत, पण कृष्णाकाठ, भाच्याला कोणताही काढा, रस किंवा भस्म चालू असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. लोक लपवतात, कारण ओरडा बसेल असे वाटते.

माईची_लेक

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आईला व्हिन्क्रिस्टिन चालू असताना कॅन्युला हाताच्या मागच्या बाजूला होती. औषध जात असताना आई म्हणाली, ‘जळजळतंय गं.’ मी म्हटले, ‘होईल आत्ता.’ दोन मिनिटांनी सुईभोवती फुगल्यासारखे दिसले. तोपर्यंत थोडे औषध शिरेबाहेर झिरपले होते. मी धावत जाऊन खालच्या रसवंतीतून रुमालात बर्फ आणला आणि लावणार, एवढ्यात परिचारिकेने माझा हात धरला आणि गरम पाण्याची पिशवी मागवली. मला ते उरफाटे वाटले. पुढे कित्येक आठवडे ती जागा काळी-निळी आणि कडक होती, परंतु कातडी फाटली नाही. बर्फ का नको, हे मला अजून नीटसे कळलेले नाही.

शिफ्टवाली

माईची_लेक, त्या परिचारिकेने अगदी योग्य केले. व्हिन्क्रिस्टिन शिरेबाहेर गेले तर मांस जाळते. डॉक्सोरुबिसिनसारखे लाल औषध झिरपले तर आम्ही थंड शेक देतो, म्हणजे ते पसरत नाही. सदाफुलीच्या कुळातल्या औषधांचे उलट आहे. त्यांना गरम शेक देतात, म्हणजे तिथला रक्तप्रवाह वाढून औषध पांगते आणि शोषले जाते, तर थंडाने इजा वाढते. सोबत हायलुरोनिडेज नावाचे औषध त्या जागी टोचतात. पण हे सर्व आमचे काम आहे. तुमचे काम एकच: मुलगा ‘दुखतंय’, ‘जळतंय’, ‘टोचतंय’ म्हणाला की ‘होईल आत्ता’ न म्हणता लगेच हाक मारणे. आम्ही नळी बंद करतो, सुई तशीच ठेवून आतले औषध मागे ओढून घेतो. त्यामुळे घाबरून सुई स्वतः उपसू नका.

प्रांजळ

मग खलबत्ता यांच्या पिशवीचे काय? सिरिंजमधले औषध मिनिटभरात संपते आणि परिचारिका पूर्ण वेळ समोर असते. पिशवी लावली की ती निघून जाते. मग झिरपण्याचा धोका पिशवीत अधिक नाही का? एक धोका टाळायला दुसरा पत्करला, असे नाही का झाले?

खलबत्ता

हा आक्षेप योग्य आहे आणि अनेक डॉक्टरांनीही तो घेतला होता. उत्तर असे, की पिशवी पाच-दहा मिनिटांतच संपेल अशी ठेवतात, पंप न लावता नुसत्या उंचीवरून सोडतात म्हणजे दाबाने ढकलले जात नाही, आणि तेवढा वेळ परिचारिकेने तिथेच थांबायचे असते. सुरू करण्यापूर्वी शिरेतून रक्त सहज मागे येते का हे पाहायचे. ज्या ठिकाणी पिशव्या वापरल्या गेल्या, तिथे झिरपण्याचे प्रमाण अगदी कमीच राहिले. आणि झिरपलेल्या औषधावर गरम शेक तरी आहे, पाठीत गेलेल्यावर नाही.

प्रांजळ

पटले. नर्स निघून जाते की थांबते, हे पाहण्याचे काम मावशीला द्यायला माझी हरकत नाही.

गुळपोळी

धाग्यात पहिल्यांदाच कोणाचे तरी मत बदलले. संपादकांनी नोंद घ्यावी.

सोलापूरकर

वर कोणी न लिहिलेली एक गोष्ट. माझ्या पुतणीला (वय अकरा, हाच आजार) उन्हाळ्यात मांडीवर गजकर्ण झाले. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी तपासून इट्राकोनाझोलच्या गोळ्या दिल्या. आमच्याकडे गजकर्णाला त्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या मिळतात. आठवड्याने व्हिन्क्रिस्टिन झाले आणि चौथ्या दिवशी तिचे पोट ढोलासारखे फुगले, शौचाला नाही, जबडा इतका दुखायचा की पाणी पिताना रडायची. मुंबईला नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘बुरशीची गोळी चालू आहे का?’ आम्ही थक्क झालो. बुरशीवरच्या या गटातल्या गोळ्या व्हिन्क्रिस्टिनचा निचरा अडवतात आणि मग साधी मात्राही विषासारखी चढते, असे त्यांनी समजावले. व्होरिकोनाझोल आणि पोसाकोनाझोलचेही तसेच असते म्हणे. गावच्या डॉक्टरांची चूक म्हणता येणार नाही, आम्ही त्यांना फाइलच दाखवली नव्हती. आता फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: ‘व्हिन्क्रिस्टिन चालू आहे. कोणतीही नवी गोळी देण्यापूर्वी फोन करा.’

टेम्सकाठ

सोलापूरकर यांनी लिहिलेले कृपया सर्वांनी दोनदा वाचावे. पाठीत जाण्याची चूक फार विरळा आहे, ही चूक विरळा नाही.

पोटाविषयी थोडे. व्हिन्क्रिस्टिन आतड्यांच्या मज्जातंतूंनाही मंद करते, म्हणून बद्धकोष्ठता होणारच असे धरून चालावे. डॉक्टरांनी दिलेले लॅक्ट्युलोजसारखे पोट साफ करणारे औषध ‘आज शौचाला झाली’ म्हणून बंद करू नये. मात्र घरच्या घरी एनिमा, साबणाची वात किंवा गुदद्वारातून तापमापक, यांतले काहीही करू नये, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना तिथल्या छोट्याशा ओरखड्यातूनही रक्तात जंतुसंसर्ग होतो. पोट फुगणे, उलट्या आणि वायूही न सरणे एकत्र आले, तर सकाळची वाट पाहू नये. जबड्याचे दुखणे बहुधा पहिल्या काही दिवसांत येते आणि आपोआप ओसरते. त्यावर साधे वेदनाशामकही स्वतःच्या मनाने देऊ नये. आयब्युप्रोफेन तर नाहीच.

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण बुधवार पार पडेपर्यंत मन लागत नव्हते. सर्वांचे मनापासून आभार.

परवा सकाळी मी भाच्याला घेऊन गेले. आधी शिफ्टवाली यांनी सांगितल्याप्रमाणे परिचारिका ट्रे ठेवून मोकळी झाल्यावर विचारले, ‘सिस्टर, आज कोणते औषध आहे आणि कुठून देणार?’ तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले. मला वाटले, आता ओरडेल. ती म्हणाली, ‘बसा, दाखवते,’ आणि पिशवी माझ्या समोर धरली. नाव, क्रमांक, औषध, मात्रा, ‘फक्त शिरेतून’. मग तिने भाच्याला विचारले, ‘तुझे पूर्ण नाव?’ त्याने आडनावासकट, गावासकट, इयत्ता आणि तुकडीसकट सांगितले. त्या दिवशी आयटी नव्हती, ती पुढच्या आठवड्यात आहे आणि त्या दिवशी व्हिन्क्रिस्टिन नाही, हेही तिनेच वहीत बोट ठेवून दाखवले. औषध सुरू असताना ती खाटेजवळच उभी होती. प्रांजळ, नोंद घ्यावी.

एक कबुली द्यायची आहे. सोलापूरकर यांचा प्रतिसाद वाचून मी बहिणीला फोन केला. भाच्याच्या मानेवर आठवड्यापूर्वी पांढरा चट्टा उठला होता आणि धर्मशाळेतल्या एका ओळखीच्या बाईंनी त्यांच्याकडच्या उरलेल्या गोळ्या दिल्या होत्या. बहिणीने अजून सुरू केल्या नव्हत्या, पर्समध्येच होत्या. पाकीट तिने फोटो काढून पाठवले. खाली बारीक अक्षरांत काय लिहिले होते, ते खलबत्ता यांनी ओळखले असेलच. त्या गोळ्या डॉक्टरांना दाखवल्या. त्यांनी त्या ठेवून घेतल्या आणि चट्ट्यासाठी वरून लावायचे मलम दिले.

आता शेवटची शंका. त्याला पहाटेपासून जबडा दुखतो आहे, घास चावताना कुरकुर करतो. ताप नाही, पोट ठीक आहे, सकाळी शौचाला झाली. बहीण म्हणते आज पुन्हा नेऊ का?

शिफ्टवाली

नेण्याआधी फाइलवर डे-केअरचा जो क्रमांक असतो त्यावर फोन करून हेच चारही मुद्दे, याच क्रमाने सांगा: जबडा, ताप नाही, पोट ठीक, शौचास झाली. यायचे असेल तर त्या तसे सांगतील, यायचे नसेल तर काय द्यायचे तेही सांगतील. तोपर्यंत मऊ भात, वरण, केळे. गरम नको, कोमट द्या. आणि चट्ट्याचे मलम लावायच्या आधी बहिणीला हात धुवायला सांगा, नंतरही.

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

फोन केला. आज यायची गरज नाही, पॅरासिटामॉल किती आणि कधी ते त्यांनी सांगितले, देण्यापूर्वी ताप मोजायला सांगितला, आणि उद्या सकाळी अकरापर्यंत पुन्हा फोन करायचा आहे. ताप ९८.४ आहे. भाचा वरणभात खातो आहे आणि मला विचारतो आहे की सदाफुलीचे झाड मावशीच्या अंगणात आहे का.

रानजाई

आहे म्हणा. फक्त खायचे नाही, हेही सांगा.